संकल्प माझ्या नावाने

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मूतखड्यावरच्या शस्त्रक्रियेचा अध्याय आहे. भूल नाही, रक्त थांबवायची आजची साधनं नाहीत, अशा काळात चीर देऊन खडा काढायचा. तिथं सुश्रुत वैद्याला बजावतो की शस्त्र लावलं नाही तर रोगी जाणार हे नक्की, लावलं तर वाचेल की नाही याची शंका. तेव्हा आधी परवानगी घे आणि मगच हात घाल. जोखीम आधी बोलून दाखवावी, आपल्या हुशारीच्या भरात पुढे जाऊ नये, ही समज आपल्याकडे इतकी जुनी आहे याचा मला खरोखर अभिमान वाटतो. पण परवानगी घ्यायची कुणाची? राजाची, धन्याची. ज्याच्या पोटात खडा आहे त्याची तिथं गरज सांगितलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचं संमतीपत्र माझ्यापुढे आलं, तेव्हापासून मी याच प्रश्नापाशी अडले आहे. देह माझा, पण त्याच्याबद्दलचा निर्णय माझा कधी होतो? नुसती सही केली म्हणून होतो का? सगळी माहिती वाचली म्हणून होतो का?

माझं वय 49, वजन 112 किलो, उंची पाच फूट दोन इंच. बीएमआय 45 च्या वर जातो. मधुमेह आहे, इन्सुलिन आहे, झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री नाकावर मास्क लावून यंत्राच्या हवेवर झोपते. यांची नोकरी रेल्वेच्या आरडीएसओ या संशोधन संस्थेत, म्हणून लग्न झाल्यावर साताऱ्याहून जी लखनऊला आले ती इथलीच झाले. मानक नगरची ही कॉलनी मला आवडते, कारण इथं झाडं आहेत आणि संध्याकाळी चालायला रस्ते आहेत. मात्र अलीकडे ते चालणं दोन क्वार्टरांपलीकडे जात नाही. माहेरी जायचं तर चारबागहून पुष्पक एक्सप्रेस धरायची, आणि ती पकडण्याच्या आधीच माझ्या मनात खालच्या बर्थची काळजी सुरू होते. हे सगळं सांगते ते दया मागायला नाही. निर्णय घेणारी कोण आहे हे आधी कळल्याशिवाय निर्णयाबद्दल बोलण्यात अर्थ नाही, म्हणून सांगते.

पहिल्यांदा गेलो ते एका खासगी रुग्णालयात. तिथल्या मुलीने आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले, हप्त्यांचा हिशेब मांडला, या महिन्यात नाव नोंदवलं तर सवलत आहे असंही सांगितलं. संमतीपत्र इंग्रजीत, बारीक अक्षरांत. त्यावर एक जागा रुग्णाच्या सहीची आणि एक पतीच्या किंवा पालकाच्या सहीची. तिने पेन माझ्यापुढून यांच्याकडे नेलं आणि म्हणाली, "सर, पहले आप यहाँ साइन कर दीजिए." यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. मी ते बंद करून टेबलावर ठेवलं आणि आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर मला आमच्या सत्यनारायणाची पूजा आठवली. कुठलंही धार्मिक कार्य संकल्पाशिवाय सुरू होत नाही. उजव्या हातात पाणी घ्यायचं, अक्षता घ्यायच्या, आणि आधी आपण कुठं आहोत ते म्हणायचं. साताऱ्याकडे गुरुजी गोदावरीचा दक्षिण तीर म्हणतात, इथं आमचे गुरुजी गोमतीचं नाव घेतात. मग संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग गोत्र आणि नाव. मग काय मिळावं म्हणून हे कार्य करतो आहे ते. एवढं सगळं उच्चारल्यावर पाणी ताम्हणात सोडायचं. सुटलेलं पाणी परत हातात येत नाही. विचारपूर्वक दिलेल्या संमतीत जे जे असायला हवं ते सगळं या दोन मिनिटांत आहे: मी कोण, आत्ता कुठल्या स्थितीत, काय करते आहे, कशासाठी, आणि यानंतर मागे फिरणं नाही.

फक्त पूजेत पाणी सोडतात ते हे. मी शेजारी बसून यांच्या हाताला हात लावते. इतक्या वर्षांत मला त्यात कधी काही खटकलं नाही, आजही पूजेत खटकत नाही. दोघांचा संसार, दोघांचं पुण्य. पण पोट दोघांचं नाही. इथं हाताला हात लावून भागायचं नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 2008 रोजी दिलेला समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा निकाल मी लेकीकडून मागवून वाचला. ती पुण्यात वकिली शिकते. 1995 सालची गोष्ट: एक 44 वर्षांची अविवाहित बाई दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायला भूल घेते. ती भुलीखाली असताना डॉक्टर बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेतात आणि गर्भाशय काढून टाकतात. न्यायालयाने सांगितलं की ही संमती नव्हे. बाई सज्ञान होती, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार होती, जिवावर बेतलेलं नव्हतं. मग तिची वाट का पाहिली नाही? डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता हे न्यायालयाने मानलं, तरीही आईची हो ही मुलीची हो होत नाही. सुश्रुताच्या काळापासून या निकालापर्यंतचं अंतर मला फार मोठं वाटतं. धन्याकडून रोग्याकडे येताना आपल्याला इतकी शतकं लागली. आणि कागदावर आलेली गोष्ट माणसांच्या हातात अजून पुरती आलेली नाही, हे ते सरकणारं पेन सांगतं.

याच निकालात काय काय सांगायला हवं तेही आहे: उपचाराचं स्वरूप, त्याचा हेतू, फायदा, दुसरे पर्याय, ठळक धोके, आणि नाही म्हटलं तर काय होईल. मी ही यादी वहीत उतरवली आणि एकेक उत्तर मिळवत गेले.

स्लीव्ह या शस्त्रक्रियेत जठराचा बाहेरचा फुगीर भाग कापून कायमचा काढून टाकतात. साधारण 75 ते 80 टक्के. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. काढलेला भाग परत बसवता येत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण 30 मिलिलीटरची लहान पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न मधला बराच रस्ता टाळून जातं. मधुमेहावर बायपासचा परिणाम बहुधा जास्त चांगला होतो, पण लोह, कॅल्शियम, बी-12 यांची कमतरता पडायची भीतीही जास्त. स्लीव्हनंतर काहींना छातीत जळजळ नव्याने सुरू होते. दोन्हींत टाक्यांच्या रेषेतून गळती होऊ शकते, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, वजन झपाट्याने उतरताना पित्ताचे खडे होऊ शकतात, केस गळतात, कातडी लोंबते. सतत उलट्या होत राहिल्या तर बी-1 कमी पडून मेंदूवर आणि नसांवर परिणाम होऊ शकतो. औषधी गोळ्या जन्मभर. मृत्यूही होऊ शकतो: 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतरच्या 30 दिवसांत हजारी तीन रुग्ण गेले होते.

दुसऱ्या पारड्यात स्वीडनचा अभ्यास आहे. 1987 साली सुरू झालेल्या त्या पाहणीत चार हजारांवर लठ्ठ माणसं होती, निम्म्यांनी शस्त्रक्रिया केली, निम्म्यांनी नेहमीचे उपचार घेतले. 2007 साली निष्कर्ष आले. सरासरी अकरा वर्षांत शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकी 6.3 टक्के आणि केलेल्यांपैकी 5 टक्के माणसं गेली. फरक आहे, आणि तो जगण्याचा आहे. पण त्या वेळच्या शस्त्रक्रिया वेगळ्या होत्या. आज सर्रास होणारी स्लीव्ह तेव्हा नव्हती. हे मला ज्या दुसऱ्या डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं त्यांच्यावर माझा विश्वास बसला. आपल्या बाजूच्या पुराव्यातली फट जो माणूस आपणच दाखवतो, त्याच्या हातात पोट द्यायला हरकत नसावी.

पर्यायांत आता आठवड्याच्या इंजेक्शनांचाही विचार करावा लागतो. 2025 च्या मार्चमध्ये टर्झेपाटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतात आलं. ती बंद करता येतात, हा त्यांचा मोठा गुण. बंद केली की वजन बहुतेकांचं परत चढतं, हा दोष. मी ती घेऊन पाहिली. मळमळ सोसली, थोडं वजन उतरलं, आणि जन्मभर हा खर्च पेलणार नाही हे घरात बसून ठरलं.

आता त्या प्रश्नाकडे येते, जो मला सगळ्यांनी विचारला. सासूबाई नागपूरहून फोनवर म्हणाल्या, "अगं, जिभेला लगाम घालता येत नाही म्हणून पोट कापायचं?" कॉलनीतल्या सत्संगातल्या बाई म्हणाल्या की संयम मनाने व्हावा, चाकूने झालेला संयम संयमच नव्हे. यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. आपल्याकडे उपवासाला मोल आहे ते भूक असताना पान बाजूला सारण्याला. भूकच नसेल तर एकादशी कसली? गीतेच्या सहाव्या अध्यायात योग सांगितला तो अती खाणाऱ्यासाठी नाही आणि मुळीच न खाणाऱ्यासाठीही नाही. मोजकं खाणाऱ्यासाठी आहे. मोजायचं कुणी? माणसाने. टाक्यांनी मोजलं तर माणसाचं त्यात काय उरलं?

मी चरकाकडे गेले. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात त्याने ज्यांची निंदा होते अशी आठ प्रकारची माणसं सांगितली आहेत, त्यांत अती लठ्ठ आणि अती कृश दोन्ही आहेत. सुरुवातीला मला वाईट वाटलं. पुढे वाचलं तेव्हा थबकले. लठ्ठपणाची कारणं सांगताना तो जास्त खाणं, गोड, दिवसा झोप, व्यायाम न करणं हे सगळं सांगतो आणि त्याच्या जोडीला बीजाचा स्वभाव सांगतो. म्हणजे आईबापांकडून आलेलं. आणि लठ्ठ माणसाच्या आठ दोषांत तो अतिशय भूक आणि अतिशय तहान यांची गणना करतो. त्याच्या लेखी ही भूक रोगाचं लक्षण आहे. सासूबाईंच्या लेखी ती पापाचं मूळ आहे. मी चरकाच्या बाजूची आहे.

आणि आजचं शास्त्रही त्याच्याच बाजूला येतं. जठराच्या ज्या फुगीर भागाला स्लीव्हमध्ये कापतात तिथंच भूक चेतवणारं घ्रेलिन मोठ्या प्रमाणात तयार होतं. 2011 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की पथ्याने वजन उतरवलेल्या माणसांच्या रक्तातली भुकेची संप्रेरकं वर्षभरानंतरही चढलेलीच होती. शरीर हरवलेली चरबी परत मागत राहतं. म्हणून भगिनीमंडळात "एवढं पण जमत नाही का?" विचारणाऱ्या बारीक बायकांना मी आता शांतपणे सांगते की तुम्हाला लागते ती भूक आणि मला लागते ती भूक एक नाही. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेला फोटो डॉक्टर मंडळींत प्रसिद्ध आहे: दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3; युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. दिसायला दोघेही सडपातळ. आपल्या लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो तो यामुळे, आणि 2022 सालच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींमध्ये आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेची मर्यादा खाली आणली तीही यामुळेच. मग लठ्ठपणाला चारित्र्याचा दाखला म्हणून वापरायचं कसं? माझ्या मते हा अधर्म आहे. शब्द कडक आहे, पण मला तोच वापरायचा आहे.

संयमाचा मुद्दा मात्र त्याने संपत नाही, आणि मला तो संपवायचाही नाही. शस्त्रक्रियेनंतर संयम जात नाही, त्याची जागा बदलते, हे मला एका बाईंच्या घरी जाऊन कळलं.

त्या आलमबागला राहतात. शस्त्रक्रियेला सहा वर्षं झाली. डॉक्टरांनी त्यांच्या परवानगीने त्यांचा फोन दिला. त्यांनी मला जेवायच्या वेळेलाच बोलावलं, "आप देखिए, मैं कैसे खाती हूँ." लहान मुलाच्या वाटीएवढी वाटी, त्यात घट्ट डाळ, बशीत पनीरचे चार तुकडे, अर्धी पोळी. आधी पनीर. एक तुकडा तोंडात घातला, चमचा खाली ठेवला, आणि माझ्याशी बोलत चावत राहिल्या. चावून त्याचं पाणी झाल्याशिवाय गिळला नाही. मग दुसरा. तिसऱ्या तुकड्यानंतर त्यांनी छातीच्या मध्यावर हात ठेवला, थोडं थांबल्या, आणि ताट बाजूला केलं. डाळ निम्मी राहिली, पोळीला हात लागला नाही. टेबलावर पाण्याचा पेला नव्हता. जेवणाच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंत पाणी नाही. मग त्यांनी गोळ्यांचा डबा उघडून दाखवला. कॅल्शियम वेगळं, लोह वेगळं आणि वेगळ्या वेळी, कारण एकत्र घेतलं तर एकमेकांना अडवतात. बी-12 चं इंजेक्शन. दर वर्षी रक्त तपासणी.

वजन उतरलं, मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या, त्या आता नातवाला उचलतात. ही त्यांची कमाई. मी गमावलेलं विचारलं. ज्येष्ठात लखनऊला दर मंगळवारी रस्तोरस्ती भंडारे लागतात, बडा मंगल. त्यांच्या घरचाही भंडारा असतो. पुरी-भाजी वाढणं त्यांना आजही आवडतं, पण वाढून झाल्यावर सगळ्यांच्या पंक्तीला बसून पोटभर प्रसाद घेण्याचं सुख गेलं. "भगवान का दिया भी गिनकर खाती हूँ," त्या म्हणाल्या. पहिल्या वर्षात एकदा खूप रडल्या होत्या, कारण दुःख झालं की खायची सवय होती आणि आता तो दरवाजा बंद होता. अशा वेळी काही माणसं दारूकडे वळतात, काहींच्या मनात जीव द्यायचे विचार येतात. हे अभ्यासांतही आढळलं आहे आणि शस्त्रक्रियेआधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटायला सांगतात ते यासाठीच. त्या बाईंच्या धाकट्या भावाचं वजन स्लीव्हनंतर उतरून पुन्हा जवळपास तेवढंच झालं आहे. दिवसभर थोडं थोडं गोड आणि आइसक्रीम. मऊ पदार्थाला अरुंद नळी अडवत नाही. तेव्हा टाके माणसासाठी मोजतात हे खरं नाही. पहिली काही वर्षं ते मोजायला मदत करतात, पुढे हात आपलाच.

इथं मला एका तत्त्वज्ञ बाईंचं पुस्तक उपयोगी पडलं. एल. ए. पॉल, अमेरिकी, पुस्तक 2014 सालचं, माणसाला मुळातून बदलून टाकणाऱ्या अनुभवांबद्दल. त्यांचं म्हणणं असं की काही निर्णय घेतल्यावर निर्णय घेणारा माणूसच बदलतो. मूल होणं घ्या. मूल व्हायच्या आधी आपल्याला ते कसं असेल हे कळू शकत नाही, आणि झाल्यावर आपल्या आवडीनिवडीच बदललेल्या असतात. मग आधीच्या माणसाने कुठल्या मापाने तोलायचं? माहिती कितीही गोळा केली तरी ही दरी भरत नाही.

हे मला पटलं. यांनी जन्मभर चाचण्यांचं काम केलं. नव्या डब्याला धावायला परवानगी देण्याआधी त्याला यंत्रं लावून रुळांवर पळवतात, तो किती हलतो ते मोजतात, आणि मगच वेग ठरवून देतात. चाचणीत डबा नापास झाला तर कारखान्यात परत जातो. पोटाची अशी चाचणी घेता येत नाही. शस्त्रक्रियेआधी यकृत आकसावं म्हणून दोनेक आठवडे पातळ आहारावर ठेवतात, तेवढीच काय ती चुणूक.

पण पॉल यांच्याशी माझा एक झगडा आहे. त्यांच्या पुस्तकात निर्णय घेणारा माणूस फार एकटा आहे. तो खोलीत बसून आपल्या पुढच्या आयुष्याची कल्पना करतो आणि ती करता येत नाही म्हणून अडतो. मी वीस-बाविसाव्या वर्षी साताऱ्याहून लखनऊला आले तेव्हा मलाही कल्पना नव्हती, पण मला पाठवण्याआधी आईने माझ्या मावशीला बोलावलं होतं. तिचं लग्न झाशीला झालेलं. ती दोन दिवस माझ्याशी फक्त उत्तरेतल्या थंडीबद्दल, भाषेबद्दल, एकटेपणाबद्दल बोलली. तिचा अनुभव माझा झाला नाही. तरी इथं आल्यावर पहिल्या हिवाळ्यात रडू आलं तेव्हा, हे येणार होतं, हे मला माहीत होतं. त्या माहितीने रडू थांबलं नाही, पण मी फसवली गेले असं वाटलं नाही. आलमबागच्या बाईंची ती वाटी पाहिल्यावर मला तसंच वाटलं. सही करणारी मी आजची आहे. निम्मी डाळ टाकून उठणारी मी उद्याची आहे. ती आज खोलीत हजर नाही, तिला विचारता येत नाही, तरी तिच्या वतीने मी हो म्हणते आहे. म्हणजे तिच्यापुरती मी धनी आहे, सुश्रुताच्या त्या राजासारखी. म्हणून तिच्यासारखं जगणाऱ्या माणसांकडे जाऊन बसणं हे माझं तिच्याबद्दलचं कर्तव्य आहे असं मी मानते. ज्या रुग्णालयात ही गाठ घालून देत नाहीत, आणि फोटोंवर काम भागवतात, तिथं ते कर्तव्य पार पाडायला वावच राहत नाही.

आणि फळ? संकल्पात फळ उच्चारावं लागतं, मनात ठेवून चालत नाही. मी स्वतःशी मोठ्याने बोलून पाहिलं. लोक हसू नयेत म्हणून? पुढच्या वर्षी भाचीच्या लग्नात नऊवारी नीट नेसता यावी म्हणून? ही फळं मनात होती. नाहीत असं कसं म्हणू? पण ती दुसऱ्यांच्या नजरेची फळं होती, आणि त्या नजरेसाठी जठर देणं मला पटेना. राजकीय नेते नितीन गडकरींनी 2011 साली अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हापासून घरोघरी "ते बघा, किती बारीक झाले" एवढंच ऐकू येतं. बारीक दिसण्याचं हे कौतुक माणसाला हळूच ढकलतं. मी फळ कापत कापत शेवटी एवढ्यावर आले: रात्री मास्कशिवाय श्वास घेता यावा, इन्सुलिन कमी व्हावं, आणि डोळे-किडन्या शाबूत असताना म्हातारपण यावं. आकडा त्यात नाही. वजन 80 वर थांबलं तरी मला चालेल.

सत्संगातल्या बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, देह हे वस्त्र आहे, त्याची एवढी चिंता कशाला. मी सज्जनगडाच्या पायथ्याशी वाढलेली आहे. दासबोधाच्या पहिल्या दशकाचा शेवटचा समास नरदेहाच्या स्तुतीचा आहे. देह नाशवंत आहे हे समर्थ जागोजागी सांगतात, तरी परमार्थाचं साधन म्हणून त्याला धन्य म्हणतात. साधन आहे म्हटलं की त्याची निगा आली, आणि दुरुस्ती करायची तर जाणून-बुजून करणं आलं. देह वस्त्र आहे असं म्हणून त्याला कुणाच्याही कात्रीखाली टाकणं मला मान्य नाही, आणि वस्त्र आहे म्हणून फाटेपर्यंत तसंच ठेवणंही मान्य नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात, शेवटाकडे, कृष्ण अर्जुनाला म्हणतो की हे सगळं मी तुला सांगितलं, याचा पुरता विचार कर, आणि मग तुझ्या इच्छेला येईल तसं कर. देव असून तो इथं आज्ञा करत नाही. सगळी माहिती त्याच्याकडे आहे, युद्धाचा शेवटही त्याला ठाऊक आहे, तरी शेवटचा शब्द तो अर्जुनाकडे सोपवतो. आपल्या डॉक्टरांनी आणि आपल्या घरच्या माणसांनी या एका जागेवरून शिकावं असं मला फार मनापासून वाटतं. घाई करू नका. सवलतीची तारीख सांगू नका. अर्जुनालाही रणांगणावर, दोन्ही सैन्यं उभी असताना, वेळ मिळाला होता.

मी शस्त्रक्रिया करून घेणार आहे. दुसऱ्या डॉक्टरांकडे, स्लीव्ह. मधुमेहासाठी त्यांचा कल बायपासकडे होता. त्यांनी कारणं सांगितली, मी ऐकली. माझं हिमोग्लोबिन लहानपणापासून खाली आहे, बायपासनंतर लोह आणखी कमी पडेल आणि ते भरून काढायला मी शिरेतून लोह घेत फिरेन, हे मला नको. दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिका स्वच्छ निघाली, जळजळ मला कधी नव्हती. तिचा धोका मी पत्करते. ते म्हणाले, "ठीक है, यह आपका हक़ है," आणि जे पत्करते आहे ते पुन्हा एकदा कागदावर काढून समजावलं.

संमतीपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी माझ्या हाताने हिंदीत लिहून दिलं, कारण ऑपरेशन थिएटरमध्ये ते सगळ्यांना वाचता यायला हवं. माझी संमती स्लीव्हला आहे. आत गेल्यावर छोटा हर्निया दिसला तर तो शिवावा, त्याला माझी आधीच हो आहे. बायपास बरा वाटला तरी करू नये. मला शुद्धीवर आणावं, विचारावं, पुन्हा भूल द्यावी लागली तर मी ती घेईन. त्या अवस्थेत माझ्या पतीला किंवा मुलीला याबद्दल विचारू नये. जीव वाचवण्यासाठी जे करावं लागेल ते मात्र ताबडतोब करावं, त्यासाठी कुणाची वाट पाहू नये. खाली तारीख, वार, लखनऊ, आणि माझं पूर्ण नाव. साक्षीदार म्हणून यांनी सही केली.